रक्तातली चरबी

आमच्या भागात 'चरबी' हा शब्द खाटकाच्या दुकानापेक्षा पोरीबाळींच्या बाबतीतच जास्त ऐकू यायचा. मोठ्यांना उलट विचारलं की लगेच, "लय चरबी चढली काय?" सांगितलेलं काम का करायचं ते विचारलं, चरबी. हसू नको म्हटल्यावर हसू आलं, तरी चरबीच. माझ्या वाट्याला हा शब्द इतका आला, की नऊ वर्षांची होईपर्यंत मला तो आपल्या नावाचाच भाग वाटायला लागला होता. मी होतेही तशी. मला प्रत्येक गोष्टीचं 'काऊन', म्हणजे 'का', लागायचं, आणि मिळालेलं उत्तर पटलं नाही तर ते पटलं नाही असं मी तोंडावर सांगायची. ऐंशी ओलांडली तरी ही खोड गेलेली नाही.

आमचं गाव सावली या मोठ्या गावापासून बैलगाडीनं दोन-अडीच तासांवर, वैनगंगेच्या बाजूला. तेव्हा तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून बरीच वर्षं होती. घरात माय, बाबा आणि मी, एवढेच. भात पिकवायचा आणि तोच खायचा. त्यावर लाखोळीची डाळ, वांगं, बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, बारके मासे आणि जवसाचं तेल. तूप दिसायचं ते सणाला, तेही पोळीवर बोट फिरवल्याएवढं. गावात जाड म्हणावा असा एकही माणूस नव्हता, आणि आमचं घर त्यातही सर्वांत हडकुळं.

बाबा उंच होते, आणि उघडे बसले की बरगड्या मोजता याव्यात असे. संध्याकाळी शेतातून आले की पाय धुऊन ओसरीवर टेकत, आणि त्यांचे पाय तेलानं रगडायचं काम माझं. टाचेच्या वर, पोटरीकडे जाणारी जी शीर असते, ती त्यांच्या दोन्ही पायांना अंगठ्याएवढी जाड होती. दाबलं की बोटाला गाठी लागायच्या. मायची तीच शीर माझ्या चिमटीत सहज मावायची. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "चिखलात उभं राहून राहून झाली असन."

"माय बी तेवढीच उभी राह्यते चिखलात. मग तिची काऊन नाई?"

ते हसले. पुष्कळ लोक रागवायचे तिथं बाबा हसायचे. म्हणून माझे निम्मे प्रश्न त्यांच्यासाठीच राखलेले असायचे.

मी नऊ वर्षांची असताना, रोवण्याच्या दिवसांत ते गेले. रोवणा म्हणजे भाताची लावणी. एकदा पाणी साचलं की थांबता येत नाही, गावात दुसरं काही सुचतच नाही. बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या, मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून रोपांच्या जुड्या पुढे फेकत होते. बाबा बांधीच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, मध्यावर होते. एकदम त्यांनी हात छातीशी नेला, दोन पावलं धुऱ्याकडे आले आणि पाण्यातच गुडघ्यावर बसले. बायांनी धरून वर आणलं तोवर सगळं संपलं होतं. वय चौतीस.

धडधाकट माणूस रोवण्यात असा पडला, म्हणजे आमच्याकडे त्याचं एकच कारण असायचं. कुणीतरी ओरडलंच, "साप! साप पाहा!" पाय धुतले गेले, पोटऱ्या चाचपल्या गेल्या. सापाचं विष उतरवणारे एक म्हातारेबुवा धावत आले. त्यांनी टाचेवरची ती जाड शीर दाबली आणि सगळ्यांना दाखवली. "हे पाहा, इथी डसला. किती सुजून राह्यली!"

मी म्हटलं, "ते पहिलेपासूनच तसं आहे."

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "दुसऱ्या पायाले बी तसंच आहे. मग दोन साप चावले काय?"

एका बाईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "बाप मरून पडला आहे, अन पोरीची चरबी पाहा!" मायनं बाबांच्या पायांवर धोतर ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सापच होता." तिचा आवाज इतका ठाम होता की तेवढ्यावर विषय मिटला. मला फार रडू येत होतं आणि त्याच वेळी दातांची खूण कशी नाही, हेही डोक्यातून जात नव्हतं. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात याची मला पुढं बरीच वर्षं लाज वाटत आली.

चार वर्षांनी माझी टाच दुखायला लागली. मी तेरा वर्षांची. सकाळी उठलं की पहिली दहा पावलं लंगडत जावं लागायचं. एक दिवस आंघोळीच्या वेळी हात लावला आणि थबकलेच. शीर जाड झाली होती. बाबांइतकी नव्हे, पण चिमटीत मावत नव्हती.

मग माझा एक उद्योग सुरू झाला. दिसेल त्याच्या टाचेवरची शीर चिमटीत धरून पाहायची. शेजारणींच्या, मैत्रिणींच्या, ओसरीवर झोपलेल्या म्हाताऱ्यांच्या. लोक दचकून उठायचे आणि शिव्या घालायचे. तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, काडी मोडून मी त्यांची मापं घ्यायची. गावभर सगळ्यांची काडी सारखीच निघाली, माझी एकटीची लांब. मग सावलीला आत्याकडे गेले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या दोन्ही पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळे उंचवटे होते. गावातल्या बाया त्याला सोन्याचे डाग म्हणत आणि नशीबवान डोळे आहेत असं सांगत. मी तिची टाच पकडली. काडी माझ्याहून मोठी निघाली. आनंदानं मी ओरडलेच. आत्याला वाटलं पोरीला काहीतरी चावलं.

सावलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना या काड्या दाखवल्या तर ते आधी हसले, मग त्यांनी माझा पाय बघितला, आत्याच्या पापण्या बघितल्या आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. माय घाबरली. नागपूरला माणसं मरायच्या वेळी नेतात, असं तिचं गणित होतं. तरी गेलो. मूल गावापर्यंत मोटार, तिथून छोट्या रुळांची गाडी, नागभीडला बदली, आणि मग नागपूर. मी पूर्ण वाट खिडकीत.

तिथले डॉक्टर चाळिशीचे असतील. त्यांच्या टेबलावर जाड पुस्तकांचा ढीग होता आणि चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. माझ्या दंडातून रक्त काढल्यावर त्यांनी सांगितलं, रक्तात एक चरबीसारखा पदार्थ असतो, त्याला कोलेस्टेरॉल म्हणतात, तो किती आहे ते पाहायचं आहे. मी विचारलं, "साय येईन काय त्याच्यावर?"

"कशावर?"

"रक्तावर. दूध ठेवलं की साय येते ना वर."

माय मला चिमटा काढत होती. डॉक्टर मात्र खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी माझ्या रक्ताची एक नळी वेगळी उभी करून ठेवली आणि म्हणाले, उद्या ये, आपण दोघं पाहू. दुसऱ्या दिवशी लाल भाग खाली बसला होता, वर फिकट पिवळं पाणी, आरपार दिसणारं. साय नव्हती. मी हिरमुसले. ते म्हणाले, "काही आजारांत येते बरं का साय. तुझ्यात नाही. तुझी विरघळलेली आहे, म्हणून दिसत नाही. पण आहे." आकडा तीनशे ऐंशी आला होता. तुझ्या वयाला याच्या निम्म्याहून कमी हवा, असं त्यांनी सांगितलं. मायचंही रक्त तपासलं. तिचं अगदी बरोबर होतं.

"लोणी, अंडी, मटण, तूप बंद करा," ते म्हणाले. आम्ही मायलेकी एकमेकींकडे पाहायला लागलो. बंद करायला आधी खायला तर हवं. आम्ही काय जेवतो ते मायनं सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. हे जेवणातून येत नाही मग, घराण्यातून येतं, असं ते बोलले. घराण्यात कसं येतं ते विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "कुणालाच नीट माहीत नाही अजून." एवढ्या मोठ्या माणसाला माहीत नाही आणि तो ते कबूल करतो, याचं मला इतकं नवल वाटलं की मी त्यांच्यावर त्याच दिवसापासून लोभ धरला.

मग त्यांनी वडिलांविषयी विचारलं. वय किती होतं, टाचा कशा होत्या, पडण्याआधी काय केलं. मी हात छातीशी नेऊन दाखवला. मायनं मधेच साप चावल्याचं सांगितलं, तसं त्यांनी विचारलं, "साप कुणी पाहिला होता का?"

"सापच होता," माय म्हणाली.

त्यांनी वाद घातला नाही. पण माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं त्यात मला उत्तर मिळालं. चार वर्षं कुणी मला खरं मानलं नव्हतं. पहिल्यांदा जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच पुढचं लक्षात आलं. जे बाबांना होतं ते मला होतं. मग मीसुद्धा चौतिसाव्या वर्षी?

"मोठी झाल्यावर जाईन काय हे?" मी विचारलं.

"वर्षानं ये. आपण दोघं पाहू," ते म्हणाले.

त्यांनी सावलीच्या डॉक्टरांसाठी इंग्रजीत चिठ्ठी दिली. पण सावलीचे डॉक्टर बदलून गेले होते, म्हणून ती चिठ्ठी आमच्या शाळेच्या गुरुजींकडे गेली. गुरुजींचं इंग्रजी म्हणजे एक जुना शब्दकोश आणि भरपूर हिंमत. पारावर दहा-बारा माणसं जमली. त्यांनी अर्धा तास पानं उलटली आणि मोठ्यानं निकाल सांगितला, "नागपूरचे डॉक्टर लिहितात, या मुलीच्या रक्तातच चरबी फार आहे."

पार हसून लोळला. एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, "हे सांगाले नागपूरले कायले गेली बाई? आम्हीच सांगतलं असतं!"

माय हसली नाही. नागपुरात डॉक्टरांनी हाच शब्द उच्चारला होता, पण तिथं तो इतक्या नवीन शब्दांमध्ये आला होता की तिनं त्याला घरचा मानलंच नव्हतं. आता सगळं तिच्या मनात जुळलं. पोरीच्या अंगातली चरबी रक्तात उतरली. पोर उलट बोलते, म्हणून वाढली. आकड्यातसुद्धा आली. घरी येऊन तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "वर्षभर उलट बोलायचं नाई. काऊन म्हणून विचारायचं नाई. उतरते का नाई पाहू."

मी हे ऐकलं का, तर माझाही निम्मा विश्वास बसला होता. जेवणात चरबी नाही, तरी रक्तात आहे. कुणालाच कारण माहीत नाही. मग जिभेतून येत नसेल कशावरून? आणि नाहीच उतरली तर मायचं म्हणणं चूक हे कायमचं सिद्ध होणार होतं. तेही मला हवंच होतं.

मी ते वर्ष खरोखर पाळलं. पाणी आण म्हटलं की आणलं. शेजारीण म्हणाली सूर्य आज उत्तरेला बुडाला, तर मी होय म्हटलं. प्रश्न तोंडापर्यंत यायचे आणि मी ते गिळायची. रात्री जेवणानंतर पोट दुखायचं, त्याचं कारण हे गिळलेले प्रश्नच असणार असं मला वाटे. गाव खूश. गुरुजी म्हणाले, पोरगी सुधारली. माय मात्र दिवसेंदिवस उदास व्हायला लागली. कधीकधी ती मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायची आणि माझ्याकडे पाहत बसायची. मी ओठ दाबून धरायची. मग ती चुलीकडे तोंड वळवायची.

वर्षानं पुन्हा नागपूर. तीच नळी, तेच डॉक्टर. आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशी. आठनं वाढलेला.

माय उभी राहिली. "असं कसं होईन डॉक्टरसाहेब? वर्षभर एक बी उलट शब्द नाई बोलली पोरगी. मी सोता पाहून राह्यली ना. मग चरबी उतरली काऊन नाई?"

डॉक्टरांना काही कळेना. मला शपथ मोडता येत नव्हती, पण वर्ष भरलंच होतं, म्हणून मी सगळं भडाभडा सांगितलं. गुरुजी, शब्दकोश, पार. ते मोठ्यानं हसायला लागले आणि मायच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच थांबले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "बाई, ही ती चरबी नव्हे. स्वभावाचा आणि हिचा काही संबंध नाही."

"म्हणजे हिचा गुन्हा नाई?"

"नाही. तुमचाही नाही."

"अन हिच्या बापाचा?"

"त्यांचाही नाही. त्यांना ते जन्मापासून होतं. हृदयावर ताण आला की अशा माणसाची छाती कधीकधी आधी सूचना देते, पण आपल्याला ती ओळखू येत नाही."

माय खाली बसली. नागभीड येईपर्यंत ती पोह्यांचं फडकं मांडीवर धरून बसली होती. तिथं गाडी बदलून बसल्यावर तिनं फडक्यातले पोहे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "आता विचार. काय विचारायचं ते विचार."

वर्षाचे प्रश्न साठले होते, पण वर आला तो एकच. "बाबाले साप नव्हता चावला ना?"

ती खिडकीबाहेर पाहायला लागली. "गाडी सुटून राह्यली. नीट बस."

मोठी झाल्यावर गेलं नाही ते. एकोणिसाव्या वर्षी तपासलं, तेवढंच. लग्नानंतर तपासलं, थोडं जास्तच. आत्या पन्नाशी न गाठताच गेली, चुलीपुढे बसल्या बसल्या. मी मूलला शाळेत शिक्षिका झाले, म्हणजे दिवसभर काऊन विचारायचं आणि त्याचा पगारही घ्यायचा. चौतिसावं वर्ष लागलं तेव्हा मी वर्षभर धास्तावलेली होते. जिना चढताना थांबून छातीचे ठोके ऐकायची. नवऱ्याला सांगितलं नाही. पस्तिसावं लागलं त्या दिवशी मी एकटीच शाळेमागे जाऊन रडले आणि मग वर्गात जाऊन पाढे घेतले. कामाच्या गोळ्या निघाल्या तोवर मी पन्नाशी ओलांडली होती.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. माझी मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा मी तिचं रक्त नागपूरला तपासून आणलं. निकालाचा कागद घेऊन घरी आले तेव्हा दुपार होती. माय तेव्हा आमच्याकडेच राहत होती. अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मुलगी शाळेत होती.

"पोरीले आहे काय?" तिनं विचारलं.

"आहे."

मी तिच्याजवळ बसले. मला स्वतःचा भयंकर राग आला होता. मी म्हटलं, "माय, मीच दिलं ना हे तिले." लहानपणापासून इतके प्रश्न विचारले, पण उत्तर नको असलेला तो पहिलाच.

तिनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ ती तांदळातले खडे शोधत राहिली, खडे नव्हते तरी.

"त्या दिवशी सकाळी तुहा बाप म्हणे, छाती जड वाटून राह्यली, आज घरीच बसतो," ती म्हणाली. "मीच म्हटलं, बाया येऊन बसल्या आहे, पाणी उतरून राह्यलं. रोवण्याच्या दिवशी घरी बसते काय कोणी? मीच त्याच्या हाती टोपी देल्ली."

सत्तावीस वर्षं ती त्या सापाला धरून बसली होती.

"मले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुले माहीत आहे. पोरगी कधी म्हणाली ना, आज घरीच बसते, तर तिले काऊन म्हणून विचारू नको. बसू दे."